खाजणावरची मोजणी

सॉल्वेच्या खाडीला ओहोटी लागते
तेव्हा पाणी मागे सरत नाही, पळतं.
उरतं खाजण, चर, चरांतला चिखल,
आणि ते.

पहिल्या सकाळी सत्तावीस.
मी पांढऱ्या पोशाखात, माझाच श्वास मास्कमधून तोंडावर परतणारा.
इनिस हॅलिडेच्या हातात लांब चिमटा, माझ्या हातात पिशवी.
पहिला पक्षी आत पडला
आणि तोंडून निघून गेलं : लाभ.

आजोबा खळ्यावर ज्वारी मोजायचे.
पहिल्या मापाला एक म्हणायचे नाहीत. लाभ,
मग दोन, मग तीन.
माझ्या जिभेला दुसरी मोजणी येतच नाही की काय!
मास्क होता म्हणून बरं. कुणी ऐकलं नाही.

आईला फोनवर सांगता येईना काय मेलंय.
बदक म्हटलं तर म्हणाली, मग एवढं काय त्यात.
हंस म्हटलं तर गप्प झाली.
काळी मान, पांढरा चेहरा, अंगावर राखाडी पट्टे,
कुत्र्याच्या पिल्लांसारखे भुंकत येतात आभाळातून,
पार स्वालबारच्या बर्फावरून, पोरंबाळं घेऊन.
गोष्टीतल्या हंसाला म्हणे दूध आणि पाणी वेगळं करता येतं.
यांच्या चोचीपुढे नुसतं पाणी होतं.
त्यात काय मिसळलंय ते यांना कळलं नाही.
मला तरी कुठे? प्रयोगशाळेला दोन दिवस लागले.

फॉर्म कोंबड्यांसाठी छापलेला.
रकाना चार : मालकाचे नाव.
नवापूरला हा रकाना भरताना पेन अडलं नव्हतं.
तेव्हा मी शिकाऊ. खड्डा, चुना, पंचनामा,
दारात हात बांधून उभी माणसं.
एका बाईनं परसातल्या तीन कोंबड्या चुलीमागे दडवल्या होत्या,
मला दिसल्या.
मी काय केलं ते इथे लिहीत नाही.

इझबेल जार्डिनच्या अकरा हजार कोंबड्या
हुकमानं शेडमध्ये कोंडलेल्या.
ती दुकानात म्हणते, यांनीच आणला, वरून.
इनिस म्हणतो, शेडमध्ये पोसलात तुम्ही लोकांनी,
बाहेर सांडला, आता आभाळाला शिव्या.
दोघं पावाच्या एकाच रांगेत.
तू डॉक्टर ना, तू सांग.
मी सांगते, दोन्ही खरं आहे,
आणि दोघं माझ्याकडे असं बघतात
की सुटे पैसे न मोजताच मी बाहेर पडते.

चौथ्या आठवड्यात एक मादी जागच्या जागी गोल फिरत होती,
मान पाठीवर वळलेली,
मागून कुणी हाक मारल्यासारखी.
जोडीदार चार हातांवर उभा. उडेना.
इनिसनं दुर्बिणीतून पायातलं कडं वाचलं. तीन अक्षरं.
अकरा वर्षांपूर्वी त्यानंच घातलं होतं,
तेव्हा अंगठ्याला चावली होती, म्हणाला,
आणि अंगठा बघत राहिला,
मी माझं काम करेपर्यंत.

रात्री संगणक रिकामा रकाना घेईना.
'लागू नाही' असं टाइप केलं.
मग हिरवी खूण आली.

सप्टेंबर संपताना पुन्हा तटबंदीवर,
बूट जंतुनाशकात बुडवून, थर्मासमधला चहा पाण्यासारखा.
इनिस यंदा पैज लावत नाही किती येतील यावर.
धुकं. टिटव्या. बराच वेळ काहीच नाही.
मग लांबून ते भुंकणं,
आणि धुक्यातून एक मान पुढे आली, बाकीच्या अजून यायच्या होत्या.
लाभ, मी म्हटलं. या वेळी मास्क नव्हता.
म्हणजे काय? त्यानं विचारलं.
एक, म्हटलं. लिही, एक.

तो लिहीत असताना थवा चिखलावर उतरला,
पाण्याच्या कडेला गेला
आणि प्यायला लागला.