दीडशे फेऱ्यांचा फरक

नाना पेठेत, पत्र्याच्या दुकानांमागं,
ढमढेरे मिस्त्रींनी जुना सायलेन्सर उभा चिरला
आणि म्हणाले, बघ, आत काही नसतंय.
खरंच नव्हतं.
काजळी, एरंडेलाचा जळका वास
आणि एक पोकळी:
आधी रुंदावत गेलेली, मग वीतभर सरळ,
मग निमुळती होत बोटाएवढी.

ती पोकळी मी घरी आणली.
म्हणजे मापं आणली.
वडगावच्या खोलीत, पंखा दोनवर,
तिचे दोनशे चाळीस खण पाडले,
खणाखणाला दाब दिला, वेग दिला, ऊब दिली
आणि काळही चिरला, इतका बारीक
की एका पावलात लाटेनं
शेजारचा खण ओलांडून उडी मारू नये.
हा नियम मोडला की आकडे पिसाळतात.
मी दोनदा मोडला.

पोर्ट उघडतं.
जळालेला धूर सुटतो, मागं वळून बघत नाही.
त्याची लाट मात्र
नळी रुंदावते तिथं उलटी फिरते,
रिकाम्या हातानं परत येते
आणि सिलिंडरातलं उरलंसुरलं ओढून नेते.
त्या ओढीत ताजं पेट्रोलही
उंबरा ओलांडतं, न जळताच.
मग दुसरी लाट येते, निमुळत्या भिंतीवर आपटून,
आणि दार लागायच्या आत
त्याला घरात ढकलते.
इथं झडप नाही, कडी नाही.
सगळा कारभार वेळेवर परतण्याचा.

माझ्या पडद्यावर ती रोज उशिरा परतायची.
मी म्हटलं, गाडी साडेसात हजाराला जोर धरते.
मिस्त्री हसले:
साडेसातला ती नुसती घसा खाकरते गं.
तुझा धूर गार आहे.

कोनाड्यातून कपड्यांच्या साबणाची वडी काढली,
तापल्या नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत
एक रेघ ओढली.
पोर्टापाशी रेघ झटक्यात काळी,
पोटावर चहासारखी,
शेपटीला पिवळी ती पिवळीच.
पट्टी लावून मी रंग मोजले.
पत्र्याच्या आत धूर किती तापला असेल,
तो अंदाज माझा.
साबणावरून आवाजाचा वेग!
कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही,
किंवा त्या दिवशी मी गैरहजर होते.

लाट लवकर परतू लागली.
आता तिला घाटासाठी अजून वर न्यायचं होतं.
मागचा भाग अठरा मिलिमीटर अलीकडे, मी सांगितलं.
म्हणजे बोटभर, ते म्हणाले,
आणि मागच्या वर्षाच्या कॅलेंडरातून कोन कापला.
गुंडाळला तेव्हा
संकष्टी जाऊन अमावास्येला चिकटली.
त्या कागदावरून पत्रा, पत्र्यावरून शंकू,
शिवणीवर वेल्डिंगचे बारीक खवले.
नखानं टिचकी मारून
ते बराच वेळ ऐकत राहिले. काय, ते सांगितलं नाही.

बोपदेव घाट, पहाटे साडेपाच.
मी वळणावर उभी, हातात फोन, थंडीनं दात वाजतायत.
मिस्त्री बासष्ट वर्षांचे, स्वेटरवर स्वेटर,
खालून येताना आधी नुसती भुणभुण,
मग मधेच कुणीतरी कापड टरकावावं तसा
आवाज फाटला
आणि गाडी माझ्यासमोरून गेलेलीच होती.

मी आठ हजार सातशे सांगितलं होतं.
काट्यावर त्यांनी पाहिलं साडेआठ, वर जेमतेम पन्नास.
दीडशेचा फरक, मी म्हटलं, कुठंतरी चुकलंय.
त्यांनी प्लग खोलून तळहातावर धरला.
बदामी.
फुंकर मारत म्हणाले,
राहू दे की.
सगळंच काय तुला सांगायचं तिनं?

घरी येऊन मी फाइल उघडली.
आतल्या भिंतीचा खडबडीतपणा वाढवला असता
तर आकडा बसला असता.
बोटं कीबोर्डवर होती.
त्यांना एरंडेलाचा वास येत होता,
लहानपणी नाक दाबून प्यायले होते तोच.
मी हात धुवायला उठले
आणि धुतले नाहीत.