तीन रात्री, नाश्त्यासह

निरोपाच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी पाकीट दिलं.
घड्याळ असेल, असं वाटलेलं.
निघालं एक कार्ड :
नॉर्थम्बरलंडचा किनारा, तीन रात्री, नाश्त्यासह.
खाली निळ्या पेनानं कुणीतरी लिहिलेलं,
सिस्टर, आता नुसतं पडून राहायचं.

एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले.

स्टेशनावरून टॅक्सी. मग रस्ता एकेरी,
मग दोन्ही बाजूंना मेंढ्या,
मग रस्ताच संपला, तिथं हॉटेल :
करड्या दगडाचं,
थंडीत म्हातारी माणसं बसतात तसं
वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं.
नऊ खोल्या. नोव्हेंबर. पाहुणे तीनच,
मी आणि एक जोडपं,
जे एकमेकांशी फक्त कुत्र्यामार्फत बोलायचं.

मिसेस चार्लटननं किल्लीबरोबर
भरती-ओहोटीचा कागद हातात ठेवला.
मी सवयीनं तापाच्या तक्त्यासारखा वाचला.
पहाटे चार बेचाळीस. संध्याकाळी पाच सात.
पेशंट स्थिर.

पहिल्या रात्री डोळ्याला डोळा नाही.
दोन वाजता पाय आपोआप चपला शोधायला लागले.
कुणाची घंटा वाजली नव्हती.
खिडकीखाली फक्त तो, अंधारात.
मी त्याचा श्वास मोजला, मिनिटाला सात, कधी आठ.
माणूस असता तर
डॉक्टरांना उठवलं असतं.

सकाळी पलंग आवरला.
चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशात,
उशीच्या खोळीचं तोंड दाराच्या उलट बाजूला.
दायवा आली, लिथुएनियाची, विशीतली,
टॉवेलांचा ढीग हनुवटीनं दाबून धरलेला,
आणि दारातच थांबली.
“हे कुणी केलं?”
चोरी पकडल्यासारखी मी म्हणाले, मी.
ती काही बोलली नाही.
चादरीवरून एकदा हात फिरवला, आणि टॉवेल ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशीही केला. हात ऐकत नाहीत.
फिरून आले तर उशीवर चिठ्ठी :
कृपया नको.

ती चिठ्ठी कोटाच्या खिशात घेऊन
दुपारभर बाकावर बसले.
समोर पाणी, शिशाच्या रंगाचं,
त्यावर काळी-पांढरी बदकं, वरखाली, वरखाली,
लांब एका पडक्या किल्ल्याचे दोन सुळके.
आमच्या औशाला पाणी दिवसाआड यायचं,
तेही नावापुरतं.
आई हंडे मोजायची, नंतर तांबे, नंतर आम्हाला रागवायची.
इथं केवढं हे,
आणि प्यायच्या कामाचं नाही, धुण्याच्या नाही,
काही म्हणता काही उपयोग नाही त्याचा,
तरी किती ऐसपैस पसरलंय,
कुणाला न विचारता.

मी बूट काढले.
मग मोजेही.
थंडीनं घोटे कळवळले, पण
पाय लांब करून बसले, बाईमाणसानं बसू नये तसे.
कुत्रा येऊन हुंगून गेला.
त्याच्यामागे ते दोघं. बाई कुत्र्याला म्हणाली,
“बघ, यांना थंडी वाजत नाही.”
तो पुरुष हसला. कुत्र्याकडे बघून नाही.

रात्री काय झालं, मला माहीत नाही.
जाग आली तेव्हा नऊ दहा.
नाश्ता आवरलेला, धुरावलेल्या माशाचा वास
तेवढा जिन्यात रेंगाळलेला.
चादर पायाला गुंडाळलेली, एक उशी जमिनीवर,
दुसरी कुठं होती, देव जाणे.
रात्रभर कुणी या पलंगात पोहत होतं जणू.
माझा हात कोपऱ्याकडे गेला,
चादर चिमटीत धरली,
आणि सोडली.

दायवानं डोकं आत घातलं, सगळं पाहिलं,
“छान,” म्हणाली,
शाळेतल्या बाई वहीवर लिहितात त्या सुरात.

अकराला टॅक्सी आली.
मागच्या काचेतून पाहिलं, पाणी बरंच मागं गेलेलं.
वाळूवर शेवाळ, तुटका दोर,
खेकड्याचं कवच, एक पिवळा हातमोजा,
सगळं जिथल्या तिथं विस्कटलेलं,
आणि आवरायला कुणीही
येत नव्हतं.