लेखाशीर्ष : किरकोळ

मालवणातल्या सभागृहाच्या पंख्याखाली
'विद्यापीठ २०४७'ची छत्तीस पानं फडफडतायत.
कुणीतरी वर कालवाचा शिंपला ठेवलाय,
प्राणिशास्त्राच्या काचकपाटातून उचललेला,
लॅटिन नावाची चिठ्ठी अजून चिकटून.

पुण्याहून आलेले सल्लागार सांगतायत
बलस्थानं, उणिवा, संधी, धोके.
चार चौकोन, चार रंग.
'धोके'मध्ये लिहिलंय : अनुदानात घट.
'संधी'मध्येही जवळपास तेच,
फक्त क्रियापद बदललंय.

मी लेखाशाखेतला. सत्तावीस वर्षं.
कुलसचिवांच्या मागे, तिसऱ्या रांगेत,
मांडीवर जमाखर्चाचं बाड.
वाईट आकडा विचारला गेलाच
तर तो माझ्या तोंडून यावा, म्हणून.

वेतन एवढं. निवृत्तिवेतन एवढं.
वीजबिल, ग्रंथालयाचं गळतं छप्पर.
मग उरतं ते संशोधन :
शंभरातले साडेतीन रुपये,
त्यातला दीड मार्चअखेरीस येतो
आणि एकतीस तारखेच्या आत परत जातो,
पाहुण्यानं चपला न काढता
खळ्यातूनच वळावं तसा.

डॉ. शमीम फणसोपकर उठल्या.
"कोळंबच्या केंद्राचं काय?"
सल्लागारांनी पडदा मागे नेला, पुढे नेला.
केंद्र तळटिपेत होतं.
'एकत्रीकरण प्रस्तावित.'

केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक होडी,
खाडीच्या तोंडाशी रोवलेली मोजपट्टी
आणि बाबी कुबल,
जो सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला
थर्मामीटर पाण्यात सोडतो
आणि आकडा वहीत लिहितो.
चतुर्थीलाही. वादळ आलं त्या दिवशीही;
ते पान अजून पापडासारखं कडकडतं.
प्रकल्प चार वर्षांचा होता.
वह्या एकतीस वर्षांच्या आहेत.

आता सांगतो, जूनअखेर निवृत्त होतोय म्हणून सांगतो.
पहिला थर्मामीटर फुटला तेव्हा
मागणीपत्र तीनदा परत आलं :
'प्रकल्प संपुष्टात आला असल्याने.'
चौथ्यांदा मी तो 'किरकोळ'मध्ये घातला,
फिनेल आणि टाचण्यांच्या मधोमध.
मग दर वर्षी.
होडीचं डांबर 'इमारत देखभाल'.
वह्या 'परीक्षा विभाग'.
बाबीची रोजंदारी : माळी.
(खाडीत कसली बाग, कुणी विचारलं नाही.
'कांदळवन' हे उत्तर तयार होतं.)
लेखापरीक्षकांनी एकदा भुवई उचलली.
मी चहा मागवला.

आणि आज पान एकोणतीस :
'किरकोळ हे शीर्ष बंद.
प्रत्येक रुपया उद्दिष्टाशी जोडलेला.'
सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही.
बरोबरच आहे ते.
अशाच टिपणांवर मी वर्षानुवर्षं सह्या केल्यात.

बाबीला बोलावलं होतं, वह्या दाखवायला.
दाराशी उभा, काखेत गाठोडं.
कुलगुरूंनी विचारलं, पुढच्या वीस वर्षांत
केंद्राकडून काय अपेक्षा?
तो गोंधळला. शमीमबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"पाणी तापत चल्लाहा, सायबानूं. ता वहीत आसा.
पुढल्या वर्साची वही खंय गावतली,
तेवढाच सांगा."

कुणी हसलं. कुणी लिहून घेतलं.
"आजवर किती खर्च झाला यावर?"
कुलसचिव मागे वळले.

माझ्या बाडाच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
खरा हिशेब आहे. वर्षवार.
बेरीज एकोणीस लाखांच्या आसपास.
या छत्तीस पानांचं बिल मीच पास केलंय,
त्यामुळे रक्कम लहान की मोठी, मला विचारू नका.
उभं राहिलो तर पेन्शनची फाइल अडेल.
ती कुणाच्या टेबलावर अडते, तेही मला माहीत.

खुर्ची करकरली.
एवढ्यात बाबीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
गाठोडं तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं,
आणि कुणाची परवानगी न घेता निघाला.

सहाला पंचवीस मिनिटं होती.
ओहोटी लागली होती.
मी पेन्सिलीचे आकडे वाचायला सुरुवात केली.