नावावर करून देणे

तीन वाजता येते म्हणाली होती फोनवर,
आली सकाळी नऊला.
मी केस बांधत होते, तोंडात पिना.
म्हणाली, सॉरी मावशी, तिकडचं घड्याळ तोंडातून गेलं.
आमच्याकडे दिवस उगवून तास झाला की एक वाजतो,
मग आत्ता तीनच की.

नाव वोरकनेश. गाव इथिओपियात कुठलंसं,
दोनदा सांगितलं, दोनदा माझ्याकडून सांडलं.
विद्यापीठात उसाच्या पाचटावर पीएचडी,
खोली सागरमाळला, तिसरा मजला,
आणि तिथनं रिक्षावाले
हिचा चेहरा बघून मीटर विसरतात.

गाडी जिन्याखाली उभी होती, रॉकेलनं पुसून.
नऊ वर्षं हिच्यावर राजारामपुरीच्या साड्या वाहिल्या मी,
फॉल-पिकोला नेलेल्या, फॉल-पिको होऊन आलेल्या,
पायापाशी गठ्ठा, मागं गठ्ठा,
मधे मी, बाईएवढी जागा.
आता गुडघा किक मारू देत नाही
आणि पोरगी म्हणते, विकून टाक, नाहीतर मीच भंगारात देते.

वोरकनेश खाली उकिडवी बसली.
दोनचं नाणं टायरच्या खाचेत उभं करून बघितलं,
टाकीवर बोटानं टकटक,
मग इंजिनला कान लावून
किती वेळ तशीच.
मला उगाचच लाज वाटली,
दवाखान्यात पदर बाजूला करताना वाटते तशी.

दिलावर मिस्त्री माझ्या कानात,
परदेशी हाय, पंधरा सांगा की बिनधास्त.
मी चौदा सांगितले.
ती नऊ.
मी म्हटलं, दोन हजार नऊचं मॉडेल, बाईमाणसाची गाडी,
घाटात कधी नेली नाही.
ती बोटं मोजत हसायला लागली.
आमच्याकडे आत्ता दोन हजार दहा साल चालू आहे मावशी,
गाडी एक वर्षाची झाली फक्त!
मग नव्याचा भाव दे की, मी म्हटलं.
तिथं तिचं हसू थांबलं, आणि आमचा सौदा साडेअकरावर.

पैसे दोनदा मोजून झाले
तेव्हा मी सांगितलं, आधी नाही,
की थंडीत ही डावीकडं कलवल्याशिवाय सुरू होत नाही.
माहीत आहे, ती म्हणाली.
मिस्त्रीनं जिन्यातच सांगितलं होतं.

आरटीओत तीन खेपा.
फॉर्म एकोणतीस, फॉर्म तीस, फोटो,
व्हिसाची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स.
घरमालक भाडेकरार लिहून देईना,
खिडकीतला माणूस मान वर न करता:
मॅडमचा कायमचा पत्ता?
तिनं माझ्याकडं बघितलं. कायमचा म्हणजे?
मी म्हटलं, जिथनं पत्र परत जात नाही तो.
तिचा कागद जूनपर्यंतचा होता.
मी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं,
द्वारा, आणि पुढं मी,
दत्त गल्ली, पाण्याच्या टाकीजवळ.
खिडकीतल्या माणसानं ते वाचलं,
आमच्या दोघींकडं बघितलं,
आणि पंच मारला. कसा मारला कोण जाणे.

मोबाइल नंबर मात्र बदलायचा राहिला.

परवा मेसेज आला. दंड, पाचशे रुपये,
ताराराणी चौक, हेल्मेट नाही.
सोबत फोटो. पाठमोरी ती,
वेण्या वाऱ्यावर, आरसा तिच्या उंचीला वळवलेला,
मागं पोतं, पाचटाचं असणार,
सुतळीनं आवळलेलं.
फोटो मोठा करून बघितला.
गाठ माझी होती.
दोन फास, एक आत दुमडून,
ओढली की सुटते, खड्ड्यानं सुटत नाही.
मी तिला एकदाच दाखवली होती, निघताना,
गाडी चालू असताना.

मिस्त्री म्हणाला, भरू नका, तिला पाठवा.
मी फोन केला. म्हटलं, अगं, हेल्मेट.
ती म्हणाली, मावशी, संध्याकाळी सातला येते.

कुठल्या सातला, ते विचारायचं राहून गेलं.