बदली

वॉर्डाच्या कचेरीत बिस्किटांचा रिकामा डबा,
त्यात सत्तेचाळीस चिठ्ठ्या.
घड्या मीच घातल्या,
कुठली कुणाची ते बोटांना ठाऊक.

पहिली निघाली दॉ सेइन यीच्या थोरल्याची.
ती ओरडली नाही. म्हणाली, "बदली चालेल ना?"
चालतो.
त्यासाठी घरटी वर्गणी आहे, दरमहा.
पावती मिळत नाही.

बदली आला ल्विन म्यो,
इरावतीपलीकडच्या वीटभट्टीवरचा,
दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला.
पैसे त्याने बहिणीच्या हातावर मोजले
आणि एक नोट मला परत केली, फाटकी होती.
दिली बदलून.

साहेब म्हणतात, माणूस आणणं सोपं, टिकवणं अवघड.
म्हणून छावणीत बायकोला खोली,
पोराला शाळा. दाराला कुलूप नाही.
घर आत ठेवून पळणार कोण?

ल्विन म्योला बायको नव्हती.
पाच महिन्यांत लावून दिलं म्हणे लग्न.

आज डबा पुन्हा टेबलावर.
या खेपेला सत्तेचाळीस भरेनात.
साहेबांनी चष्मा पुसला:
"तुमचा धाकटा अठराचा कधी होतो?"

मी वही चाळू लागले,
जणू तारीख
मला आठवतच नव्हती.