लेबल पुसलेली मुळं

शेडच्या मागं, टाकीच्या सावलीत
तीन ढीग होते, परभणीच्या थंडीत गारठलेले.
पूर्णेकाठची काळी: भिजली की लोणी, वाळली की लोखंड.
पाटोद्याच्या माळावरची बरड, मुठीत धरली तर किरकिरणारी.
आणि पाथरीकडच्या कालव्याखालची चोपण,
अंगावर पांढरं फुललेलं,
मीठ सांडून कुणी विसरून गेलंय.

छत्तीस पाइप. प्रत्येकात चार दाणे बन्सीचे.
अर्ध्यांना पोटॅश, अर्धे तसेच.
खडीसाखरेला तिखट लागावं तसं लालसर ते खत.
हरणाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"हे गुराला घालायचं का मातीला?"

साठ दिवसांनी पाइप उभे चिरले.
ती पाटावर बसली, गुडघ्याशी घमेलं,
चाळणीवर मुळं, वरून नळाची बारीक धार.
मी घाई केली की हात धरायची:
"टाळू हाय पोरी. लेकराचं डोकं धुतीस का असं?"

आणि मी, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची,
लेबलं जेल पेनानं लिहिली होती.

संध्याकाळी बारा पुड्यांवर नुसती निळी ढगं.
काळी कुठली, चोपण कुठली,
कुणाला पालाश, कुणाला काहीच नाही,
सगळं पाण्याबरोबर मोरीत गेलेलं.
सरांना फोन लावला, कापला, परत लावला नाही.

हरणाबाईनं पदराला हात पुसले.
सुनेच्या नव्या मोबाइलचं गाऱ्हाणं सांगत सांगत
एकेक पुडी उचलली.
"ही काळीची. बघ, दोरी मधीच तुटली.
भेग पडताना माती दोन्हीकडं ओढती,
मूळ बिचारं कुणाकुणाचं ऐकंल?
ही चोपणीची. दचकल्यावानी आखडलीय.
ही बरडाची."

बरडाच्या चार तिनं पुन्हा वाटल्या, दोन आणि दोन.
"ह्या दोघी जेवलेल्या. ह्या उपाशी."
जेवलेल्या म्हणजे फणीतला गुंतवळ,
पांढरा, फाट्याला फाटा फुटलेला, बोटाभोवती फिरणारा.
उपाशी म्हणजे चार सरळ दोरे.

चोपणीच्या वाटल्याच नाहीत.
"ह्यांला आधी जगू दे, मग जेवणाचं बघू."

काळीच्या चौघी हातात घेऊन बराच वेळ बसली.
नळ बंद करायचा राहून गेला होता.
"ह्या सारख्याच. मला काय कळंना बाई."
मला वाटलं, इथं तिचं गणित संपलं.

आठवडाभर मी काचेच्या ट्रेवर चौकटी मोजल्या,
मूळ रेघेला जिथं जिथं छेदतं तिथं एक फुली,
डोळे जळेपर्यंत फुल्या.
मोजून झालं तशी मुळं जाळली, राख पाण्यात कालवली,
फोटोमीटरच्या ज्योतीला पाजली.
बरडाच्या दोन आणि दोन, तिनं वाटल्या तशाच निघाल्या.
काळीत ज्योतीला थोडं काही दिसलं,
फुल्यांना नाही.
त्या मातीच्या पोटात पालाश आधीचाच,
वरून घातलेल्या मुठीला ती हूं की चूं करत नव्हती.

सरांनी लाल पेनानं समासात लिहिलं:
काळ्या मातीत फरक लक्षणीय नाही.
(लेबलांबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

"लक्षणीय म्हंजे?" हरणाबाई.
म्हणजे डोळ्यात भरण्याजोगा.
"मग तेच म्हन्ले न म्या."

प्रबंधात आता तक्ते आहेत, आलेख आहेत,
मुळांची लांबी सेंटिमीटरमध्ये, दोन दशांशांपर्यंत.
मुळांवरची लव मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.
पाणी, पालाश, जे काही लागतं ते
तीच ओढून घेते म्हणतात मातीतून.
चाळणीतून ती निसटते, पहिल्याच धारेला.

गढूळ पाण्याची बादली हरणाबाई रोज
शेडच्या कोपऱ्यातल्या कढीपत्त्याला ओतायची.
तीन गावांची माती त्याच्या बुडाशी बसलीय.
यंदा फुटवा चांगला आहे.
का, ते मी तपासलं नाही.