मान किंचित डावीकडे

सोहोळच्या रेस्ट हाऊसात, वॉटर फिल्टरच्या वर
काचेत एक तणमोर आहे.
मी ओल्या पेपरने काच पुसत होतो.
साहेब म्हणाले, दीडशे वर्षांचा आहे, जपून.
तांब्याच्या पत्र्यावर सुईने काढायचे,
मग तेजाब रेघ खायचं,
रेघेत शाई थांबायची,
आणि रंग मागाहून, हाताने,
एकेक कागद.

तणमोर दगडावर उभा केलाय.
दगडावर!
आमच्याकडे तो उभा दिसतच नाही.
श्रावणात कुसळीतून
माणसाच्या छातीएवढा वर येतो,
टर्रर्र,
आणि गेला.
गेल्या साली आख्ख्या मोजणीत दोनच.
आजा हरसिंग म्हणायचा,
"त्याले पाह्यलं म्हनू नको.
गवतानं फेकलं अन् गवतानं झेललं,
येवढंच म्हन."

ती उडी काही सुईला सापडली नाही.

पण मान.
मान किंचित डावीकडे,
आणि मध्यावर एक बारीक मोड.
काढणाऱ्याला वाटलं असेल, हा पक्षी असाच बघतो.
त्याने इमानाने उतरवला मोड,
तेजाबाने इमानाने खाल्ला.
मला ठाऊक आहे तो.
घोड्याच्या शेपटीचा केस, तीन पदरी पिळलेला.
फास लावणारा डावरा असला
की खुंटी डाव्या अंगाला येते
आणि पाखराची झेप तिकडेच मोडते.

पणजा सुरत्या डावरा होता.
असतील दुसरेही,
बेरारात पारधी काय एकच होता?

चित्राखाली तीन नावं, मुंगीएवढ्या अक्षरांत.
साहेबांनी वाचली:
काढणारा. कोरणारा. छापणारा.
मी विचारलं, अन् धरणारा?
साहेब हसले. मग म्हणाले,
रंगवणारीचं तरी कुठंय?
तिकडं बाया रंगवायच्या म्हणे,
शेकड्यावर मजुरी.

शेकड्यावर.
आमच्या बाया कापूस वेचतात किलोवर.

तिने काळा जरा पातळच लावलाय.
सात समुद्रापल्याड बसून
तिला काय माहीत कुसळीचा रंग,
तिने गवत पालकासारखं हिरवंगार केलंय.
आणि पंखाच्या टोकाशी
ब्रश रेघेबाहेर गेलाय, नखभर.
शंभरावा कागद असेल. बोटं आखडली असतील.
साऱ्या चित्रात
तेवढीच जागा उडायला निघालीय.

मी तिथे जरा जास्त वेळ पुसलं.

साहेबांनी विचारलं, डाग गेला का रे?
म्हटलं, बाहेरचा गेला.